ऑनलाइन सीबीटी आणि सौम्य नैराश्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट. जगणं नकोसं वाटतंय, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येताहेत, तर हे पान राहू द्या आणि १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. बाकीच्यांनी सावकाश वाचा, सगळे प्रश्न वाचायलाच हवेत असंही नाही.

ऑनलाइन सीबीटी म्हणजे व्हिडिओ कॉलवर काउन्सेलरशी बोलणं ना?

बहुतेक जण तेच समजून येतात. व्हिडिओ कॉलमध्ये थेरपी तीच असते, फक्त खोली बदलते. इथे आपण बोलतोय त्या ऑनलाइन सीबीटीत ठरावीक धडे असतात, साधारण सहा ते आठ. आठवड्याला एक धडा वाचायचा किंवा ऐकायचा, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. मग आठवडाभर त्याचा गृहपाठ. काही कार्यक्रमांत मागे एक माणूस असतो. तो आठवड्यातून दहा-पंधरा मिनिटं तुमचा गृहपाठ बघतो, दोन ओळी लिहितो किंवा फोन करतो. काहींत तुम्ही आणि मोबाइल, बस्स.

सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, मुळातच शिकवणीच्या वळणाची आहे. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियातले मनोविकारतज्ज्ञ आरॉन बेक यांच्या लक्षात आलं, की नैराश्यातल्या माणसाच्या डोक्यात स्वतःला कमी लेखणारी वाक्यं आपोआप, झपाट्यानं येऊन जातात, आणि ती वाक्यं त्याला खरीच वाटतात. ती पकडायची, कागदावर घ्यायची, तपासायची आणि वागण्यात छोटे बदल करून बघायचे, ही पद्धत त्यांनी बसवली. यात पायऱ्या आहेत, तक्ते आहेत, गृहपाठ आहे. म्हणूनच ती कॉम्प्युटरवर नेता आली.

माझं नैराश्य ‘सौम्य’ आहे हे कशावरून ठरवायचं?

डॉक्टर आणि काउन्सेलर बऱ्याचदा पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली भरून घेतात. ती मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, उदास वाटलं, झोप बिघडली, थकवा होता, भूक कमी-जास्त झाली, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज ५ ते ९ आली तर सौम्य, १० ते १४ मध्यम, त्यापुढे तीव्रतेकडे. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा आहे. त्याला शून्याखेरीज कोणतंही उत्तर असेल तर बेरीज कितीही कमी असो, माणसाशीच बोलायचं.

बेरजेवर निदान होत नाही, ती फक्त ताप किती आहे ते सांगणारी पट्टी. तापाचं कारण वेगळं असू शकतं. थायरॉइड मंदावलं असेल, हिमोग्लोबिन खाली गेलं असेल, बी-१२ कमी पडलं असेल (शाकाहारी घरांत हे फार सापडतं), तरी माणूस असाच मरगळतो. म्हणून ‘मला डिप्रेशन आलंय’ असं स्वतःच ठरवून आठ आठवड्यांचा कार्यक्रम हाती घेण्यापूर्वी फॅमिली डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्या. गोळी थायरॉइडची हवी असेल तर विचारांच्या नोंदी करून काय होणार?

बरं, पण उपयोग होतो का? सरळ सांगा.

होतो. मध्यम प्रमाणात होतो आणि जो शेवटपर्यंत करतो त्याला होतो. या दोन अटी जाहिरातींत नसतात.

आता आकडे. २०१७ साली युरोपातल्या संशोधकांनी १३ चाचण्यांमधल्या ३,८७६ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. हे सगळे कोणाच्याही मदतीशिवाय, एकट्यानं कार्यक्रम करणारे. काहीच न करणाऱ्यांशी किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी तुलना केली तर फरक नक्की होता, पण छोटा. साधारण आठ जणांनी कार्यक्रम केला की एक जण असा निघतो, ज्याला एरवी आराम पडला नसता आणि यामुळे पडला. एकावर सात हा हिशोब ऐकून काही जण खट्टू होतात. पण उपचारांच्या जगात हा आकडा वाईट नाही. शिवाय हा उपाय घरबसल्या, नोकरी सांभाळून, जवळजवळ फुकटात होतो. त्या मानानं बघा.

२०२१ साली त्याच वळणाचा आणखी मोठा अभ्यास आला. ३६ चाचण्या, ८,१०७ लोक. प्रश्न असा होता, की मागे माणूस असण्यानं किती फरक पडतो? सरासरीनं माणूस असलेला बरा ठरला. पण ज्यांची लक्षणं सुरुवातीलाच सौम्य होती त्यांच्यात हा फरक फार थोडा होता. पीएचक्यू-९ची बेरीज ९च्या वर असणाऱ्यांना मात्र सोबतीचा स्पष्ट फायदा झाला. म्हणजे तुमची बेरीज सहा-सात असेल तर एकट्यानं करायला हरकत नाही, आणि बारा-तेरा असेल तर सोबत शोधाच.

मग ‘कॉम्प्युटर थेरपीचा काही उपयोग नाही’ असं ब्रिटनमधल्या अभ्यासात निघालं होतं, ते काय?

तो अभ्यास मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

इंग्लंडमध्ये ‘बीटिंग द ब्लूज’ हा आठ भागांचा कार्यक्रम सरकारी आरोग्यसेवेत वापरावा अशी शिफारस २००६ साली झाली होती. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीनं बनवलेला ‘मूडजिम’ हा दुसरा कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला होता. छोट्या चाचण्यांत दोन्ही चांगले ठरले होते. मग संशोधकांनी खऱ्याखुऱ्या दवाखान्यांतले ६९१ रुग्ण घेतले. एका गटाला जनरल प्रॅक्टिशनरचे नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत बीटिंग द ब्लूज, तिसऱ्याला त्यासोबत मूडजिम. चार महिन्यांनी पाहिलं तर तिन्ही गटांत जवळपास सारखंच. नेहमीच्या उपचारांच्या गटात ४४ टक्के लोक अजून नैराश्यात होते आणि कार्यक्रमांच्या गटांत ५० आणि ४९. निकाल २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला आणि बातम्यांत ‘फोल’ असा शिक्का बसला.

पण त्याच निबंधात पुढे एक आकडा आहे. कोणी किती भाग केले त्या क्रमानं सगळ्यांना उभं केलं, तर बरोबर मधल्या माणसानं बीटिंग द ब्लूजच्या आठांपैकी किती भाग केले होते? दोन. मूडजिमचा? एक. सगळे भाग पुरे करणारा सहांत साधारण एक. दर आठवड्याला फोन जात होता, पण तो तांत्रिक अडचण आहे का हे विचारायला आणि चालू ठेवा म्हणायला. तुमचा आठवडा कसा गेला, गृहपाठात काय लिहिलं, हे कोणी विचारत नव्हतं. आणि ही माणसं सौम्य गटातली नव्हती, बेरीज १० किंवा त्याहून जास्त असलेलीच घेतली होती.

खोकल्याचं औषध दोन चमचे घेऊन बाटली फडताळात ठेवली, तर औषधाबद्दल काय सांगता येईल? फार काही नाही. मात्र औषध इतकं कडू होतं की लोकांनी घेतलंच नाही, हेही तितकंच खरं आणि ते कार्यक्रम बनवणाऱ्यांनी ऐकायला हवं. नैराश्यात पहिला बळी उमेदीचा जातो, आणि हा उपाय उमेदीवरच चालतो.

मी स्वतः पहिल्यांदा असा एक कार्यक्रम घेतला तेव्हा चौथ्या धड्याशी सोडला. पाचव्याच्या आठवड्यात घरी पाहुणे होते. पाहुणे गेले, पण मी काही परत लॉगिन केलं नाही. वर्षभरानं पुन्हा केला तो एका मैत्रिणीला सांगून, की दर रविवारी रात्री तुला नोंदीचा फोटो पाठवीन, तू फक्त अंगठा दाखव. तेवढ्यावर पुरा झाला.

समोर बसून घेतलेल्या थेरपीइतकं काम होतं का?

मागे माणूस असेल तर जवळपास तेवढंच. २०१८ साली वेगवेगळ्या त्रासांवरचे (फक्त नैराश्यावरचे नव्हे) २० अभ्यास एकत्र करून तपासलं गेलं. त्यांत तीच सीबीटी अर्ध्या लोकांना समोरासमोर आणि अर्ध्यांना इंटरनेटवरून, थेरपिस्टच्या सोबतीनं दिली होती. परिणामांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ही तुलना पूर्ण एकट्यानं करण्याच्या प्रकाराला लागू होत नाही.

नेमकं करायचं काय असतं? एक उदाहरण द्या ना.

घेऊ या. संक्रांतीनंतरचे दिवस. शेजारच्या वहिनींकडे हळदीकुंकू झालं आणि तुम्हाला बोलावणं नव्हतं. जिन्यावरून बायकांचा आवाज ऐकू आला, तुम्ही दार लोटून घेतलं आणि रात्री जेवण गेलं नाही.

धडा सांगतो, की तक्ता काढा.

पहिल्या रकान्यात घडलं तेवढंच: ‘मंगळवारी संध्याकाळी वहिनींकडे हळदीकुंकू होतं. मला बोलावलं नाही.’ इथे ‘मुद्दाम डावललं’ असं लिहायचं नाही. ‘मुद्दाम’ कॅमेऱ्यात दिसत नाही.

दुसऱ्या रकान्यात डोक्यात आलेलं वाक्य, जसंच्या तसं: ‘मी कोणालाच नको आहे.’ हे किती खरं वाटतंय? ९० टक्के. तिसऱ्यात भावना: वाईट वाटलं, ८०. लाज, ६०.

चौथा रकाना नवख्यांना जड जातो. या वाक्याच्या बाजूनं पुरावा काय आणि विरुद्ध काय? बाजूनं: बोलावलं नाही, आणि परवा जिन्यात त्या घाईत होत्या. विरुद्ध: गेल्या वर्षी स्वतः येऊन वाण देऊन गेल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही या वेळी बोलावणं नव्हतं. दिवाळीत त्यांनी पाठवलेला चिवड्याचा डबा अजून आपल्याच ओट्यावर आहे, म्हणजे ‘नको असलेल्या’ माणसाकडे चिवडा आला होता.

पाचव्या रकान्यात दुसरं वाक्य, जे पटेल असं: ‘या वेळी बोलावलं नाही, का ते मला ठाऊक नाही. याचा अर्थ मी सगळ्यांना नको आहे असा होत नाही.’ आता पुन्हा मोजा. पहिलं वाक्य किती खरं वाटतंय? ९० वरून ५० वर आलं. वाईट वाटणं ८० वरून ५५. शून्य होत नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही नाही. डावलल्यासारखं वाटल्यावर थोडं वाईट वाटणारच.

इथवर झालं विचारांचं. उरलेलं काम वागण्याचं. आठवड्याचा गृहपाठ येतो: तो डबा परत द्या. रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून दोन वड्या कराव्या लागतात, दार वाजवावं लागतं आणि समोरचा चेहरा बघावा लागतो. ‘त्यांना मी नकोय’ या अंदाजाची हीच चाचणी. वहिनी म्हणतात, ‘अहो, बरं झालं आलात, त्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं म्हणून मी खालच्या दोघी-तिघींनाच बोलावून उरकलं,’ किंवा काहीतरी तुटक बोलतात. दोन्हींतून जे कळतं ते तक्त्यात जातं.

असे पंधरा-वीस तक्ते झाले की आपलं ठरलेलं वाक्य सापडतं. कोणाचं ‘मी नको आहे’, कोणाचं ‘माझ्याच्यानं काही होत नाही’. प्रसंग बदलतात, वाक्य तेच.

म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंगच की!

नाही हो. ‘सगळे माझ्यावर प्रेम करतात’ असं वरच्या तक्त्यात लिहिलं असतं तर ते पहिल्या वाक्याइतकंच बिनपुराव्याचं झालं असतं. इथे खरं काय ते बघायचं असतं, गोड काय ते नाही. मराठी वाचकांना ही वाट तशी ओळखीची आहे. अल्बर्ट एलिस यांची, सीबीटीच्याच कुळातली विवेकनिष्ठ पद्धत मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेनं ती सामान्य माणसांपर्यंत नेली. ‘घटना, दृष्टिकोन, परिणाम’ ही साखळी तुम्ही एखाद्या व्याख्यानात ऐकली असेल, तर पहिला धडा अर्धा झालेलाच आहे.

मला लिहायचाच कंटाळा आहे. उठवतच नाही तर तक्ता कसला काढू?

मग वागण्यापासून सुरू करा. चांगले कार्यक्रम बऱ्याचदा हाच भाग आधी घेतात. मन नाही म्हणून आपण हिंडणं, भेटणं, स्वयंपाकातला एखादा आवडता पदार्थ करणं बंद करतो. बंद केलं की दिवसात बरं वाटण्यासारखं काही उरत नाही, म्हणून मन आणखी खाली जातं. हे चाक उलटं फिरवायचं. मूड येईल तेव्हा करीन असं न म्हणता वेळ ठरली की करायचं, मूड मागून आला तर आला. आणि काम इतकं छोटं ठेवायचं की नाही म्हणायला लाज वाटावी. ‘रोज तासभर मॉर्निंग वॉक’ हे गृहपाठाचं वाक्य नव्हे. ‘सकाळी सातला चप्पल घालून गेटपर्यंत जाऊन येणे’ हे गृहपाठाचं वाक्य आहे.

हा भाग आपल्या मातीत कसून तपासला गेलाय. गोव्यातल्या संगत या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ४९५ रुग्णांवर चाचणी केली. थेरपी देणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक होते. सहा ते आठ भेटी, भर कृतीवर. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. निकाल २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ते रुग्ण बरेच जास्त आजारी होते आणि भेटी समोरासमोर होत्या, म्हणून तो आकडा उचलून मोबाइलला चिकटवता येणार नाही. पण ‘हे सगळं गोऱ्या लोकांचं, आपल्याकडे चालत नाही’ असं कोणी म्हणालं तर हा अभ्यास पुढे करा.

मराठीत असे कार्यक्रम आहेत का?

ही दुखरी बाजू आहे. वर ज्यांचे आकडे दिले ते कार्यक्रम प्रामुख्यानं इंग्रजी आणि युरोपीय भाषांतले. बंगळुरूच्या निम्हान्सनं शहरी भारतीयांसाठी ‘पुश-डी’ नावाचा स्वमदत कार्यक्रम तयार केला, ती चांगली सुरुवात होती. मराठीत पट्टीचा, चाचणीतून तावून सुलाखून निघालेला कार्यक्रम माझ्या हाताला अजून लागलेला नाही. तोवर मधला मार्ग असा, की धडे इंग्रजीत वाचले तरी गृहपाठ मराठीत लिहा. डोक्यातलं वाक्य ज्या भाषेत येतं त्याच भाषेत पकडलं पाहिजे. ‘आय ॲम अ फेल्युअर’ असं लिहिलेली नोंद मी एका मुलाची पाहिली होती. घरी नेमकं काय ऐकू येतं म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘वडील म्हणतात तेच. तुझ्यात दम नाही.’ तपासायचं होतं ते हे वाक्य.

इंग्रजी अजिबात जमत नसेल तर १४४१६ वर मराठीत बोलून सुरुवात करा, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात जा.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, पुण्यात खोलीवर राहतो. निकाल लागला की आपोआप ठीक होईल ना?

होऊही शकतं. उपचार न घेतलेल्यांवरचे अभ्यास एकत्र केले तर साधारण २३ टक्के लोक तीन महिन्यांत आणि ५३ टक्के वर्षभरात आपोआप बरे झालेले दिसतात. म्हणूनच लक्षणं नुकती सुरू झाली असतील तर दोन आठवडे झोप, जेवण आणि चालणं सांभाळून वाट पाहण्यात गैर काही नाही. पण तुमच्या प्रश्नातली अडचण वेगळी आहे. एमपीएससीचा एक निकाल लागला की दुसऱ्याची जाहिरात येते, आणि ‘निकालानंतर’ हा दिवस पुढे सरकत राहतो. अभ्यासिकेत बसून तेच पान तिसऱ्यांदा वाचताय, मेसमध्ये जायचं टाळताय, घरचा फोन घेववत नाही, असं महिनाभर चाललं असेल तर वाट पाहू नका. आणि रूममेटला सोबती करा. त्यालाही बहुधा गरज असेल.

फरक किती दिवसांत जाणवतो?

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सहसा आधी झोप किंवा चिडचिड यांत. दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ भरून बेरीज कॅलेंडरवर लिहा, कारण उदास माणसाला आपली सुधारणा दिसत नाही. चार आठवडे नेमानं गृहपाठ करूनही बेरीज हलली नाही किंवा वाढली, तर काउन्सेलर किंवा डॉक्टर गाठा.

गोळ्या चालू आहेत. सोबत चालेल?

चालेल. बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका, अचानक थांबवल्या तर चक्कर, मळमळ, अस्वस्थता असे त्रास होतात. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. उलट बाजूनं, लक्षणं खरोखर सौम्य असतील तर इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शिकेप्रमाणे गोळ्या हा पहिला उपाय नसतो. सोबतीनं केलेली स्वमदत आधी सुचवली जाते.

याचा अपाय होऊ शकतो का?

काहींची तब्येत कार्यक्रम करतानाही खालावते. २९ चाचण्यांतल्या २,८६६ लोकांच्या पाहणीत हे प्रमाण ५.८ टक्के होतं. काहीच न मिळालेल्या गटात मात्र १७.४ टक्के. पहिल्या एक-दोन आठवड्यांत, नको ते विचार कागदावर दिसल्यामुळे, जरा जास्त जड वाटतं ते वेगळं. माझ्या मते मोठा धोका दुसराच आहे. कार्यक्रम अर्धवट सुटला की माणूस म्हणतो, ‘बघा, हेही जमलं नाही.’ हे वाक्यही तक्त्यात टाकायचं असतं!

कोणी हा मार्ग घेऊ नये?

ज्यांना जीव देण्याचे विचार येतात. ज्यांना कधी उदासी तर कधी झोप न घेताही प्रचंड उत्साह, उधळपट्टी, मोठमोठे बेत असे दोन्ही टोकांचे काळ आले आहेत. ज्यांना भास होतात. ज्यांचं पिणं आटोक्याबाहेर गेलंय. बाळंतपणानंतर उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. आणि घरात मारहाण होत असेल तर विचारांचा तक्ता हा त्यावरचा उपाय नाही. तिथे परिस्थिती बदलायला मदत हवी. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

चॅटबॉटशी बोललं तर? तो तर रात्री दोनलाही उत्तर देतो.

२०१७ साली वोबॉट नावाच्या चॅटबॉटची ७० विद्यार्थ्यांवर दोन आठवड्यांची चाचणी झाली. नैराश्याची लक्षणं कमी झाली आणि जगभर गाजावाजा झाला. जून २०२५ अखेर ते ॲप बंद पडलं. दोन आठवडे आणि सत्तर मुलं एवढ्यावर फार मोठी इमारत उभी राहत नाही. तक्ता भरायला आठवण करून द्यायला चॅटबॉट चालेल. पण गप्पा मारणारे सर्वसाधारण एआय तुमच्या म्हणण्याला लगेच मान डोलावतात आणि सीबीटीत नेमकं त्याच्या उलट हवं असतं. ‘मी कोणालाच नको’ म्हटल्यावर ‘तुम्हाला किती एकटं वाटत असेल’ एवढंच उत्तर येत राहिलं, तर आपण रात्री दोन वाजता त्याच वाक्यापाशी बसलेले राहतो.

माझी माहिती बाहेर जाईल का?

शंका रास्त आहे. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीनं लोकांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याचा आरोप झाला आणि २०२३ साली ७८ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. म्हणून खऱ्या नावाऐवजी टोपणनाव आणि वेगळा ईमेल वापरा, कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी देऊ नका. नोंदी वहीत ठेवल्या तर उत्तमच, फक्त ती वही कपाटात.

इतक्या ॲपमधून निवडू कसं?

मी चार गोष्टी बघते. सीबीटी असं स्पष्ट लिहिलंय का, की नुसतं ध्यान-संगीत आणि सुविचार? बनवणाऱ्यांत विद्यापीठ किंवा रुग्णालय आहे का? गृहपाठ देतं का? आणि जीव नकोसा वाटत असल्याचं लिहिलं तर काय करतं? शेवटची गोष्ट आधी तपासा. मागे माणूस असल्याचा दावा असेल तर त्याची पात्रता विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. पैसे वर्षाचे एकदम भरू नका.

आम्ही परदेशात आहोत.

मग तुमची सोय आमच्याहून चांगली आहे. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. ऑस्ट्रेलियात माइंडस्पॉट ही सेवा मोफत आहे. जर्मनीत २०२० पासून डेप्रेक्सिससारखे काही डिजिटल कार्यक्रम डॉक्टर लिहून देतात आणि खर्च आरोग्य विमा उचलतो.

घरच्यांना सांगू का?

एकाला तरी सांगा, पण नेमकं काम देऊन. ‘मला डिप्रेशन आहे’ एवढंच म्हणालात तर सल्ल्यांचा पाऊस पडेल: देवाचं कर, फिरून ये, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. त्याऐवजी म्हणा, ‘आई, बुधवारी रात्री नऊ ते साडेनऊ मी दार लावून बसणार आहे, आणि सकाळी सातला मला गेटपर्यंत पाठव.’ आयांना असं काम जमतं.

मध्येच सुटलं, महिना झाला. आता पहिल्यापासून सुरू करू?

नको. पहिला धडा पुन्हा वाचायला बसलात की कंटाळून परत सोडाल. जिथे सुटलं त्याच्या आधीचा धडा चाळा, या आठवड्यातला एकच प्रसंग घेऊन एक तक्ता भरा आणि त्याचा फोटो कोणाला पाठवायचा ते आत्ताच ठरवा.